विंडसर्फिंग आणि काइटसर्फिंग: खाडीच्या मुखाशी वारा आणि भरती-ओहोटी ॲपवर कशी वाचायची?

हिवाळ्यात दुपारी गोव्यातल्या मोरजी किनाऱ्यावर गेलात, तर आकाशात मोठमोठे रंगीत पतंग दिसतात. प्रत्येकाच्या खाली एक माणूस बोर्डवर उभा राहून पाण्यावरून सुसाट चाललेला असतो. रील बघून "आपणही करूया" असं वाटणं साहजिक आहे. मलाही वाटलं, आणि मी शिकलोही.

पण शिकल्यानंतरच्या दुसऱ्याच सीझनला मी एक चूक केली. ॲपवर वारा मस्त हिरवा दिसत होता, १२ नॉट. दुपारी चारला पाण्यात उतरलो. साडेपाचला वारा पडला, काइट पाण्यात आली आणि लक्षात आलं की किनारा जवळ येत नाहीये, लांब चाललाय. मासेमारीच्या एका होडीने मला परत आणलं. होडीवाल्या काकांनी एवढंच विचारलं, "आज तिथी कुठली, बघितली होती का?"

या लेखात त्या प्रश्नाचं उत्तर आहे. हे दोन खेळ काय आहेत, खाडीच्या मुखाशी ते वेगळे का वागतात आणि फोनवरची माहिती कशी वाचायची, ते सगळं बघू.

दोन खेळ, एकच इंजिन

दोन्ही खेळांचं इंजिन वारा आहे. फरक तो पकडण्याच्या पद्धतीत आहे.

विंडसर्फिंगमध्ये बोर्डवर डोलकाठी बसवलेली असते आणि तिला शीड लावलेलं असतं. डोलकाठी जिथे बोर्डला जोडलेली असते, तो सांधा सगळ्या दिशांना वळतो. त्यामुळे सुकाणू लागत नाही. शीड पुढे झुकवलं की बोर्ड वाऱ्यापासून दूर वळतो, मागे झुकवलं की वाऱ्याकडे वळतो. अमेरिकेत जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइट्झर यांनी १९६८ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९८४ पासून हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आहे.

काइटसर्फिंगमध्ये शीड हातात नसतं, आकाशात असतं. साधारण २० ते २४ मीटर लांबीच्या दोऱ्यांच्या टोकाला काइट, आणि दोऱ्या कमरेच्या हार्नेसला अडकवलेल्या. काइटच्या कडेला हवा भरलेली नळी असते, म्हणून ती पाण्यात पडली तरी तरंगते आणि पुन्हा उडवता येते. ही कल्पना फ्रान्सच्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेनू या भावांची, पेटंट १९८४ चं. ऑलिम्पिकमध्ये काइटला मात्र २०२४ च्या पॅरिस स्पर्धेपर्यंत थांबावं लागलं. त्या शर्यती मार्सेच्या समुद्रात झाल्या.

आपल्यासाठी महत्त्वाचा फरक असा:

- विंडसर्फिंगचा बोर्ड बऱ्यापैकी मोठा असतो. वारा पडला तर शीड पाण्यात टाकून बोर्डवर पालथं पडता येतं आणि हाताने वल्हवत परत येता येतं.
- काइटचा नेहमीचा बोर्ड छोटा असतो, तो तुमचं वजन पेलत नाही. वारा पडला की काइटही पडते आणि तुम्ही पाण्यात तरंगत राहता.
- काइटला मोकळी जागा जास्त लागते. वाऱ्याच्या दिशेला झाडं, विजेच्या तारा, होड्या किंवा माणसं असतील तर दोऱ्यांची लांबी धोकादायक ठरते.

म्हणजे वारा गेल्यावर काइटवाला पूर्णपणे पाण्याच्या हवाली होतो. मग पाणी कुठे चाललंय हे माहीत असलंच पाहिजे.

खाडीचं मुख वेगळं का?

मोरजीच्या दक्षिण टोकाला शापोरा नदी समुद्राला मिळते. ही नदी महाराष्ट्रातून येते. दोडामार्गकडे तिला तिलारी म्हणतात. पलीकडच्या काठावर शापोरा किल्ला आणि मासेमारीची जेटी आहे. मुखाशी वाळूचे दांडे तयार होतात. ओहोटीला त्यांच्यावर गुडघाभर पाणी असतं, आणि दोन पावलं पुढे एकदम खोल.

भरतीला समुद्राचं पाणी खाडीत आत शिरतं, ओहोटीला तेच पाणी नदीच्या पाण्यासकट बाहेर पडतं. उघड्या किनाऱ्यावर पाण्याची पातळी नुसती वरखाली होताना दिसते. खाडीत मात्र आतलं सगळं पाणी एका अरुंद दारातून सहा तासांत बाहेर काढायचं असतं. बाटलीच्या तोंडाशी धार जोरात येते, तसाच प्रवाह मुखाशी वेगवान होतो.

झुआरीच्या मुखावर दोना पावलाला विंडसर्फिंगचा सराव चालतो. तिथे मुख खूप रुंद आहे, पण समोर मुरगाव बंदर असल्यामुळे मोठ्या जहाजांची वाट सांभाळावी लागते. जागा बदलली की अडचण बदलते, पण पाण्याचं गणित तेच राहतं.

वारा: ॲपवरचा आकडा नक्की काय सांगतो?

वाऱ्याचा वेग नॉटमध्ये मोजतात. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. काइट किंवा शिडासाठी १२ ते २० नॉट वारा सोयीचा मानतात. सुरुवात करणाऱ्याने त्यातल्या खालच्या टोकाला राहावं.

गंमत म्हणजे वाऱ्यासाठी जगभर वापरली जाणारी विंडी आणि विंडगुरू ही दोन्ही ॲप्स चेक प्रजासत्ताकातली आहेत, ज्या देशाला समुद्रच नाही! पण या ॲप्सकडे तुमच्या किनाऱ्यावर ठेवलेलं यंत्र नसतं. ती हवामानाच्या जागतिक मॉडेलचा निकाल दाखवतात. मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनासाठी हिशोब करतं. युरोपच्या ईसीएमडब्ल्यूएफ मॉडेलचा चौकोन साधारण ९ किलोमीटरचा, अमेरिकेच्या जीएफएसचा साधारण १३ किलोमीटरचा. मोरजीची अख्खी किनारपट्टी, खाडी, किल्ल्याची टेकडी आणि मागची गावं एका चौकोनात मावतील. लो रिझोल्यूशन फोटो झूम केल्यावर चेहरा दिसत नाही, तसंच आहे हे.

म्हणून चार गोष्टी बघा:

१. सरासरी आणि झोत. ॲपवर ठळक दिसतो तो सरासरी वारा, जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा. झोताचा आकडा वेगळ्या ओळीत असतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सरासरी १२ आणि झोत १८ असेल, तर झोतात काइटवरचा ओढा दीडपट नाही, सव्वादोनपट होतो.

२. दिशा. वारा जिकडून येतो त्यावरून त्याचं नाव पडतं. वायव्येचा वारा म्हणजे वायव्येकडून येणारा. पाण्याच्या प्रवाहाचं उलटं असतं, तो जिकडे जातो त्यावरून नाव. "पश्चिमेचा वारा" तुम्हाला किनाऱ्याकडे आणेल, "पश्चिमेचा प्रवाह" समुद्रात नेईल. शिकताना समुद्रावरून किनाऱ्याकडे तिरका येणारा वारा सगळ्यात बरा. जमिनीवरून समुद्राकडे जाणाऱ्या वाऱ्यात उतरूच नये.

३. दिवसाची वेळ. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन लवकर तापते, वरची हवा हलकी होते आणि समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री आणि पहाटे उलटं, मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात. गोव्यातला नोव्हेंबर ते एप्रिलचा काइट सीझन मुख्यतः खाऱ्या वाऱ्यांवर चालतो. दुपारनंतर वारा भरतो आणि संध्याकाळी जमीन थंड व्हायला लागली की पडतो. कधी हळूहळू, तर कधी दहा मिनिटांत.

४. दोन मॉडेल्स. एकाच ॲपमध्ये मॉडेल बदलून बघा. दोघांचं जुळलं तर भरवसा ठेवायला जागा आहे. एक ८ म्हणतंय आणि एक १६, तर त्या दिवशी ॲप बंद करा आणि किनाऱ्यावरच्या माणसाला विचारा.

जून ते सप्टेंबर हा विषयच नाही. नैऋत्येचा वारा जोरात असतो खरा, पण समुद्र खवळलेला आणि नदीला पूर. शिकायची ती वेळ नव्हे.

पाणी: भरती-ओहोटीचा तक्ता काय सांगतो आणि काय नाही

आपल्या किनाऱ्यावर दिवसातून साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. दोन भरत्यांमध्ये सरासरी १२ तास २५ मिनिटं. त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. गोव्यात उधाणाला हा फरक साधारण २ मीटर, मुंबईत तो ५ मीटरच्या जवळ जाऊ शकतो.

पाणी एकसारख्या वेगाने उतरत नाही. जगभरचे खलाशी एक सोपा नियम वापरतात. एकूण फरकाचे १२ भाग करा. सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ भाग उतरतं. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी बाहेर जातं, आणि प्रवाह तेव्हाच सगळ्यात जोरात असतो.

आता तक्त्याच्या मर्यादा:

- तो ठरावीक बंदराचा असतो. गोव्यासाठी बहुतेक वेळा मुरगावचा. ॲपमध्ये स्टेशनचं नाव तपासा.
- तो चंद्र-सूर्याच्या गणितावर केलेला अंदाज असतो. त्या क्षणी मोजलेली पातळी नसते.
- "१.८ मीटर" म्हणजे पाण्याची खोली नव्हे. नकाशावरच्या ठरावीक पातळीपेक्षा पाणी किती वर आहे, एवढंच तो आकडा सांगतो. वाळूचे दांडे पावसाळ्यानंतर जागा बदलतात.
- प्रवाहाचा वेग त्यात नसतो. आणि खाडीत ओहोटीची वेळ संपली तरी पाणी काही काळ बाहेरच वाहत राहू शकतं.

खरा मुद्दा: दोन टेबल, पण जॉइन कोणी केलंच नाही

सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर ॲपमध्ये वाऱ्याचं टेबल आहे आणि पाण्याचंही आहे, पण दोन्ही वेगवेगळ्या टॅबमध्ये. त्यांचं जॉइन तुम्हालाच डोक्यात करायचं आहे. करून बघू.

समजा पश्चिमेकडून १२ नॉट वारा आहे. ओहोटीचा प्रवाह २ नॉटने पश्चिमेला, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध बाहेर चालला आहे. पाणी तुम्हाला वाऱ्यात ढकलतंय, त्यामुळे तुम्हाला जाणवतो १४ नॉट वारा. भरतीचा प्रवाह २ नॉटने आत येत असेल तर जाणवेल १० नॉट. जोर वर्गाने वाढतो: १४ चा वर्ग १९६, १० चा वर्ग १००. ॲपवर वारा तोच १२ नॉट, पण ओहोटीत ओढा भरतीपेक्षा जवळजवळ दुप्पट!

म्हणूनच ओहोटी फसवते. खेळताना मजा येते, ताकद भरपूर मिळते. सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे वाऱ्याच्या दिशेने वर चढणं, तेही सहज जमतं. आपल्याला वाटतं आपलं कौशल्य वाढलं. खरं तर पाणी आपल्याला उचलून बाहेर नेत असतं.

मग वारा पडतो आणि काइट पाण्यात येते. आता तुम्ही २ नॉटने, म्हणजे सेकंदाला साधारण १ मीटर वेगाने बाहेर चालला आहात. पंधरा मिनिटांत ९०० मीटरपेक्षा जास्त. साधा पोहणारा माणूस याच्या निम्म्या वेगानेच पोहतो. प्रवाहाविरुद्ध पोहून किनारा मिळत नाही, फक्त दम संपतो.

शिवाय वारा आणि ओहोटी समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. वाळूच्या दांड्यावर त्या फुटतात. तिथे दोऱ्यांचा गुंता झाला तर सोडवणं कठीण.

तिथी का विचारतात?

मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. आकडा ढोबळ असतो. गोव्यात भरती मुंबईच्या थोडी आधी येते. पण चित्र कळायला एवढं पुरेसं आहे.

- पौर्णिमा किंवा अमावास्या: १५ × पाऊण = सव्वाअकरा. सकाळी सव्वाअकराच्या सुमारास भरती, दुपारभर ओहोटी.
- द्वितीया: २ × पाऊण = दीड. दुपारी दीडला भरती, पावणेआठपर्यंत ओहोटी.
- अष्टमी: ८ × पाऊण = सहा. बाराच्या सुमारास ओहोटी पूर्ण, मग संध्याकाळी सहापर्यंत पाणी आत येतं, तेही भांगाचं, सावकाश.
- एकादशी: ११ × पाऊण = सव्वाआठ. अडीचच्या सुमारास ओहोटी पूर्ण, नंतर भरती.

आता यावर खारे वारे ठेवून बघा. वारा दुपारी भरतो आणि संध्याकाळी पडतो. द्वितीयेला ओहोटीचे सगळ्यात जोराचे तास येतात साडेतीन ते साडेपाच, म्हणजे ऐन खेळायच्या वेळी. वारा पडतो तेव्हाही पाणी बाहेरच जात असतं आणि हिवाळ्यात सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो. त्यात उधाणाचा सगळ्यात मोठा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येतो. म्हणजे जोराची ओहोटी, पडणारा वारा आणि अंधार, तिन्ही एकाच वेळी.

दर पंधरवड्याला हे दिवस येतात, आणि ते आधीच माहीत असतात. मी उतरलो ती तृतीया होती. ॲपमध्ये वाऱ्याचा टॅब मी दहा वेळा उघडला होता, पाण्याचा एकदाही नाही.

फोनचा खरा उपयोग

जीपीएसला इंटरनेट लागत नाही. किनाऱ्याजवळच्या सुरक्षित पाण्यात, सोबत कोणी असताना, बोर्डवर दोन मिनिटं नुसतं बसा आणि ट्रॅक रेकॉर्ड करा. तुम्ही काही न करता किती सरकलात ते नकाशावर दिसेल. तोच त्या क्षणीचा खरा प्रवाह. तो कुठल्याही ॲपमध्ये मिळत नाही. फोन न्यायचा नसेल तर किनाऱ्यावर उभं राहून मासेमारीच्या बोयाकडे बघा. त्याच्या मागे पाण्याचा माग कुठल्या बाजूला उमटतो, तिकडे पाणी चाललंय.

फोन आयपी६८ असला तरी ती चाचणी गोड्या पाण्यात होते, खाऱ्या पाण्याची हमी त्यात नसते. वॉटरप्रूफ पाऊच घ्या. ओल्या स्क्रीनवर टच नीट चालत नाही, म्हणून पॉवर बटणाने चालणारा इमर्जन्सी कॉल आधीच सेट करून ठेवा. आणि गळ्यात शिट्टी अडकवा. तिला चार्जिंग लागत नाही.

उतरण्याआधी पाच मिनिटं

१. वारा: सरासरी, झोत, दिशा. तो किती वाजता पडणार?
२. पाणी: शेवटची भरती कधी होती? तिसरा-चौथा तास कधी येतोय?
३. दोन्ही एकत्र: वारा पडेल तेव्हा पाणी आत येत असेल की बाहेर जात असेल? बाहेर जात असेल तर एक तास आधी बाहेर या, किंवा मुखापासून लांब उघड्या किनाऱ्यावर खेळा.
४. जागा: जाळी, होड्यांची वाट, तारा. मोरजीत नदीच्या मुखाजवळच्या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. तो भाग कुंपण घालून राखलेला असतो. तिथे काइट उतरवू नका, दोऱ्या पसरू नका.
५. माणूस: किनाऱ्यावर एकाला परत यायची वेळ सांगा. जीवरक्षक कितीपर्यंत असतात ते विचारा.

अडकलात तर

बोर्ड किंवा काइट सोडू नका, तेच तुमचं तरंगणं आहे. काइट ओढत असेल तर क्विक रिलीज दाबा, दोऱ्या बारवर गुंडाळा आणि काइटपर्यंत पोचून तिला धरून राहा. प्रवाहाच्या समोर पोहू नका. आडवं, मुखापासून बाजूला सरका. शिट्टी वाजवा, हात हलवा. किनाऱ्यावरच्या माणसाने ११२ किंवा तटरक्षक दलाचा १५५४ लावावा.

हे गणित फक्त मोरजीचं नाही. सिंधुदुर्गात देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी उभे राहिलात, तरी हेच लागू होतं. पुढच्या वेळी वाऱ्याचा हिरवा आकडा दिसला की लगेच बॅग भरू नका. आधी पाण्याचा टॅब उघडा, आणि कॅलेंडरमध्ये तिथी बघा.